आक्काचा मोकळा ओटा

आमच्या शेजारच्या आक्काच्या ओट्यावर स्टो सोडला तर मी कधी काही पाहिलं नाही. मिठाची बरणी नाही, चहाचा डबा नाही, धुऊन पालथी घातलेली वाटी नाही की पाण्याचा पेला नाही. सकाळी जा नाहीतर भर दुपारी जा, काळा कडप्पा आपला चकचकतोय. घरात स्वयंपाक झालाय याचा पुरावा म्हणजे फोडणीचा वास, तेवढाच. मला सुरुवातीला त्या ओट्याचा रागच यायचा. माझ्या ओट्यावर दुधाचं पातेलं, पातेल्यावर झाकण, झाकणावर गाळणी, शेजारी निवडायची राहिलेली मेथी आणि या सगळ्याच्या आडोशाला कालची आमटी असा संसार मांडलेला असे. आणि मधली भिंत एकच! आलेली बाई तिच्याकडून निघून माझ्याकडे डोकावली की माझी अब्रू गेलीच म्हणून समजा.

ही एकाहत्तर-बहात्तर सालची गोष्ट. कोल्हारपासून जवळच एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. क्वार्टर्स नव्याकोऱ्या होत्या आणि स्वयंपाकघरात उभ्यानं काम करायचे ओटे होते. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी असला ओटा तिथंच पहिल्यांदा पाहिला. जन्मभर चुलीपुढं बसून भाकरी थापलेल्या बायका. त्यांना उभ्यानं काही सुचेना. दोघीतिघी तर सरळ ओट्यावर चढून, मांडी घालून भाकरी करायच्या. मी नगरची, म्हणजे स्वतःला फार शहरातली समजणारी, मी त्यांना हसायची. आणि स्वतःच्या ओट्यावर मात्र पोळपाट ठेवायला जागा नसायची.

आक्काचं खरं नाव गोदावरी. शेजारच्या क्वार्टरमध्ये रामनाथभाऊ नावाचे फिटर होते, त्यांची ही थोरली बहीण. रामनाथभाऊंची बायको सुमन माझ्याच वयाची. आक्काला शेवगावकडं दिलेली होती, मूलबाळ झालं नाही, नवऱ्यानं दुसरी आणली आणि आक्का भावाकडे आली ती आलीच. कॉलनीत सगळ्यांना हे माहीत होतं, कुणी तोंडावर बोलत नव्हतं. ती कपाळाला कुंकू लावायची, पण हळदीकुंकवाला तिला बोलवावं की नाही हे बायकांना ठरवता यायचं नाही. म्हणून सगळ्याजणी तिला कामाला बोलवायच्या. ती आत बसून वाटली डाळ करायची, पन्हं करायची, आणि बाहेर हळदीकुंकू चाले. एकदा मी कुंकवाचा करंडा घेऊन आत गेले आणि तिला लावलं. तिनं मुकाट्यानं कपाळ पुढं केलं आणि लगेच, "पन्ह्याचं पातेलं उचल, वट्यावर डाग पडंल," म्हणाली.

शरीरानं बारीक, उंच, हाताची हाडं मोठी. नऊवारी नेसायची, काष्टा कधी सैल दिसला नाही. बोलणं थोडं आणि तेही काम करता करता. ओटा पुसायचं फडकं जुन्या धोतराचं, चौकोनी शिवलेलं, मोरीजवळच्या खिळ्याला टांगलेलं. पुसून झालं की ती पालथा तळवा ओट्यावरून फिरवायची. ओल लागली की पुन्हा फडकं. मी एकदा म्हटलं, "अहो आक्का, तो दगड आहे, वाळेल की आपला आपण." तर म्हणाली, "वाळंल तवा वाळंल. तोवर कुनीतरी हितं राबत हुतं ते दिसतंय की."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं विचित्र वाटलं होतं.

तिनं माझाही ओटा हातात घेतला. एके दिवशी साखर मागायला आली, दारातच थबकली, कपाळावर आठी. मला वाटलं आता बोलणार. बोलली नाही, पदर खोचला. ज्याला आज हात लागणार नाही ते खाली, ज्याला लागणार आहे ते भिंतीच्या फळीवर, आणि जे कशाला ठेवलंय तेच आठवत नाही ते बाहेर. तासाभरात माझा ओटा मला ओळखू येईना. मी खुळ्यासारखी बघत उभी. जाताना साखर न्यायची विसरली, म्हणून मी मागनं नेऊन दिली. पुढं चार दिवसांनी पाहते तर माझा पसारा पुन्हा जिथल्या तिथं. आक्का हसून म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. तुला पसरायला तुझं घर हाय." हसून म्हणाली खरी, पण मला ते हसू आवडलं नाही.

तिच्या स्वतःच्या वस्तू कुठं असायच्या, सांगू? कुठंच नाही. कान तुटलेल्या कपात चहा घ्यायची, तोही मागच्या दारात उभ्यानं, आणि शेवटचा घोट पोटात जायच्या आत कप विसळून फळीवर गेलेला. जेवायला सगळ्यात शेवटी बसायची, ताटली लगेच घासून जागच्या जागी. फणी, करंडा, दोन लुगडी हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत आणि पेटी कॉटखाली. त्या घरातून आक्का उठून गेली असती तर मागं एक केस सापडला नसता. अशी राहत होती बाई, भावाच्या घरात, वर्षानुवर्षं.

सुमन वाईट नव्हती हं. ते मी आधीच सांगते, कारण अशा गोष्टीत भावजयीला वाईट ठरवायची आपल्याला सवय असते. ती राहुरीकडची, तोंडानं फटकळ, हातानं धांदरट, मनानं साफ. बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा घर आक्कावर टाकून गेली. परत आली ती लेक कडेवर घेऊन, आणि स्वयंपाकघरात शिरली. मी सोबत होते. बघते तर ती जाताना जो डबा जिथं होता तो तिथंच. गुळाच्या ढेपेला तिनं फडकं बांधलं होतं, त्याची गाठसुद्धा तशीच. आक्कानं त्या सगळ्या दिवसांत आपला गूळ, मीठ, तिखट पुड्यांतून खालच्या खणात ठेवून स्वयंपाक केला होता. आल्यावर कुणी म्हणू नये की नणंदेनं घर बळकावलं. सुमन आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला.

"आक्का, माझ्या माघारी हितं कुनी राहत हुतं का न्हाई?"

"तुझं घर तुला जसंच्या तसं दिलं," आक्का म्हणाली. तिला वाटलं शाबासकीच मिळतेय.

"मला न्हवतं पायजे जसंच्या तसं," असं म्हणून सुमन लेकीला घेऊन बाहेर गेली आणि ओसरीत बसून रडली. मला म्हणाली, मला या घरात मीच पाव्हणी असल्यासारखं वाटतं. आक्काला मात्र आपलं काय चुकलं ते कळेना. तिनं आपला ओटा पुसायला घेतला.

त्यामागचं कारण मला आक्कानंच सांगितलं. तेही मी विचारलं म्हणून नव्हे. दुपारची वेळ होती, सुमन लेकीला घेऊन झोपली होती आणि आक्का मागच्या अंगणात चिंच लावून एक पितळी तांब्या घासत बसली होती. घरातली भांडी ती सकाळीच घासायची, मग हा तांब्या एकटाच का? मी जवळ जाऊन बसले. तांब्याच्या गळ्याखाली नाव घातलेलं होतं, ‘गोदा हीस आईकडून’. लग्नात आईनं दिला आणि वर्षाच्या आत आई गेली. हा तांब्या ओट्याखालच्या खणात, रिकाम्या डब्यांच्या मागं, फडक्यात गुंडाळून ठेवलेला असे. दुपारी सगळी निजली की ती काढायची, पाणी भरायची, मागच्या दारात बसून प्यायची, घासायची आणि परत ठेवायची.

मी म्हटलं, आक्का, अहो एवढा सुंदर तांब्या, वर ठेवा की ओट्यावर. कुणाची चोरी आहे?

तिनं तांब्यावरून हात फिरवला. "मला कुनी जा म्हनलं न्हाई, मालू. खोटं कशाला बोलू? येक दिवस रानातनं आले, तर माझा तांब्या चुलीम्होरनं उचलून वसरीवर ठिवल्याला. आत तिचा तांब्या. मी म्हनलं, बरं. तांब्या घितला आन् निघाले."

मग तांब्यावर पाणी ओतत म्हणाली, "जे ठिवलंच न्हाई ते कोन उचलंल?"

माझ्या डोळ्यांना धार लागली आणि हिनं मला डोळे पुसायला ओटा पुसायचं फडकं दिलं. इतकं साधं तिचं भिणं होतं. या घरातूनही कुणी जा म्हणणार नाही. आपली वस्तू फक्त एक दिवस बाहेर दिसेल. म्हणून तिनं वस्तूच ठेवली नाही.

आणि त्याच्यानंच घात झाला.

दुष्काळाचं वर्ष होतं. कॉलनीला कालव्याचं पाणी होतं म्हणून आम्हाला झळ कमी, पण आजूबाजूच्या गावांतून लोक घरातलं तांबंपितळ काढून मोडीत देत होते. त्याच सुमारास कॉलनीतल्या बायकांना स्टीलचं वेड लागलं. जुनं पितळ घालायचं आणि त्याच्या बदल्यात स्टीलची भांडी घ्यायची. कोल्हारच्या भांडेवाल्याची हातगाडी कॉलनीत यायची, घासाघीस चालायची. मी त्या आठवड्यात नगरला माहेरी होते. आक्का गिरणीत दळण घेऊन गेलेली. सुमननं ओट्याखालचा खण उपसला, रिकामे डबे, गळकी घागर, पिचलेली परात, सगळं बाहेर काढलं. फडक्यात गुंडाळलेला तांब्याही निघाला. फडक्यात गुंडाळून खाली टाकलाय म्हणजे नको असलेलाच, असं तिला वाटलं. भांड्यावर नाव असतंच कुणाचं तरी, ते कोण वाचत बसतं? तांब्या परातीत, परात तराजूत.

आक्का परत आली तेव्हा स्टीलचे डबे ओळीनं मांडलेले होते. तिनं कौतुक केलं. दुपारी सगळी निजल्यावर खणात हात घातला असणार. त्यानंतर काय झालं ते कुणीच पाहिलं नाही, कारण आक्कानं काही होऊच दिलं नाही. दोनेक दिवसांनी मी परत आले, तर मला नुसतं एवढं दिसलं की आक्का कोरडा ओटा पुसतेय. पुसला, तळवा फिरवला, पुन्हा पुसला. आणि दुपारी मागच्या दारात बसली होती, नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती. मी विचारलं, "आक्का, तांब्या?"

"आसंल कुठंतरी," म्हणाली.

रविवारी दुपारी रामनाथभाऊ जेवायला बसलेले. सुमननं नवीन स्टीलच्या तांब्यातून पाणी दिलं आणि जुन्याचं काय काय गेलं ते हौसेनं सांगत बसली. भाऊंनी विचारलं, त्यात आईचा तांब्या नव्हता ना? सुमन म्हणाली, कुठला आईचा? भाऊंनी सांगितला. सुमनच्या हातातली वाढायची पळी पडली, तो आवाज मी भिंतीतून ऐकला. पाठोपाठ ती माझ्या दारात. पायात चप्पल नाही, लेक माझ्या सासूबाईंच्या मांडीत टाकली आणि मला म्हणाली, चल.

आक्का मागं दारात उभी राहून सांगत होती, जाऊ दे गं, जुनाट तर होता. आम्ही एसटी पकडली आणि कोल्हार गाठलं.

भांडेवाल्याचं ते दुकान मी विसरणार नाही. पुढं स्टील झळकतंय आणि मागच्या खोलीत पितळेचा ढीग. पेले, गडू, तांबे, समया, पूजेच्या घंटा. सगळ्यांवर नावं. चि. अमकी हिच्या बारशाला आत्याकडून, सौ. तमकी हीस मामाकडून, कुणाच्या वास्तुशांतीचं, कुणाच्या पहिल्या दिवाळसणाचं. त्या वर्षी किती घरांतल्या आया आणि मावश्या त्या खोलीत येऊन पडल्या होत्या! सुमन त्या ढिगापुढं फतकल मारून बसली आणि एकेक तांब्या उचलून नाव वाचायला लागली. ती शाळा कमी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. गो दिसलं की माझ्याकडे बघायची. गोपिका निघाली, गोजरा निघाली. आमची गोदा निघाली नाही. दुकानदार भला माणूस होता, त्यानं आम्हाला अडवलं नाही. शेवटी सांगितलं की हातगाडीवरचा माल आदल्याच दिवशी गोणी भरून भट्टीला गेला. सुमन हातातला परका तांब्या तसाच धरून बसून राहिली.

मग ती उठली आणि तिनं स्टीलचा एक तांब्या निवडला. जड, रुंद गळ्याचा. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसायचा, त्याच्यापुढं ठेवला. त्यानं छिन्नी-हातोडी घेतली आणि विचारलं, काय घालू? सौभाग्यवती का श्रीमती? नवऱ्याचं नाव काय? तो बिचारा रोजच्या सवयीनं विचारत होता. सुमन म्हणाली, "नुसतं आक्का घाला."

"आडनाव?"

"आडनाव कशाला? आमच्या घरात येकच आक्का हाय."

तांब्या दिला तेव्हा आक्कानं तो हातात तोलून पाहिला. अक्षरांवरून बोट फिरवलं, काय लिहिलंय ते विचारलं, आणि सुमननं सांगितल्यावर म्हणाली, "जड हाय की गं." मग वाकून ओट्याखालच्या खणात ठेवला. सुमन म्हणाली, आक्का, वर ठेवा. "नगं. वटा मोकळा बरा."

त्या दिवसापासून त्या दोघींची एक मुकी झटापट सुरू झाली. सकाळी सुमन उठली की तांब्या काढून, भरून ओट्यावर ठेवायची. दुपारपर्यंत आक्का तो रिकामा करून, पुसून खाली ठेवायची. कुणी कुणाला बोलायचं नाही. संध्याकाळी पुन्हा वर, पुन्हा खाली. मी भिंतीपलीकडून आवाज ऐकायची, ठण्ण वर आणि खालच्या खणाचं दार. मला हसू यायचं आणि नंतर भरून यायचं. सुमन मला म्हणायची, मी हरायची नाही. मी तिला सांगायचे, तुझी गाठ आक्काशी आहे. वर्ष-दीड वर्ष हे चाललं.

आक्का आजारी आहे हे मला तिच्या ओट्यानं सांगितलं. तिनं नाही. एके दिवशी गेले तर कडप्प्यावर आमटीचा ओघळ वाळलेला, आणि फडकं न पिळताच खिळ्याला अडकवलेलं, खाली थेंब थेंब गळत होतं. आक्का मोरीच्या कडेला पोट धरून बसली होती. मला बघितल्यावर पहिली काय म्हणाली तर, "पुसायचं राह्यलंय, पुसते." किती दिवस दुखत होतं ते तिनं आम्हाला कधीच सांगितलं नाही. दुखणंही बाईनं खालच्या खणात ठेवलं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, गाठ लागली, आणि नगरला न्या म्हणाले.

नगरहून आक्का परत आली नाही. हे मी इथंच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही. शेवटी सांगायला माझी जीभ रेटत नाही. आमची बदली होईपर्यंत मी रोज सुमनकडे जात होते. तिनं त्या तांब्यातलं पाणी कधी कुणाला दिलं नाही. रोज सकाळी शिळं ओतून ताजं भरायची, ओट्यावरची तांब्याखालची जागा पुसायची आणि तो परत तिथंच ठेवायची. स्टोजवळ अडचण होते, बाजूला कर, असं तिला कुणीतरी म्हणालं होतं. त्या बाईशी सुमन पुढं बोलली नाही.

आक्काला मी शेवटचं पाहिलं ते जीप दारात उभी होती तेव्हा. सकाळचं कोवळं ऊन होतं. रामनाथभाऊंनी तिला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पायाशी पेटी ठेवली. भाऊ मागं चढणार, एवढ्यात ती "थांब रे जरा" म्हणाली आणि उतरली. आम्हाला वाटलं काही विसरलं. भिंतीला धरून धरून आत गेली. पुढच्या दारातून थेट स्वयंपाकघर दिसायचं, म्हणून मला सगळं दिसलं. एका हातानं ओट्याची कड धरून ती खाली वाकली, दुसऱ्या हातानं खणातला तांब्या काढला. माठातून पाणी भरलं, वर वाटी झाकली आणि स्टोच्या शेजारी, ओट्यावर, भिंतीला टेकवून तांब्या ठेवला. सवयीनं हात फडक्याकडे गेला, पण तिनं फडकं घेतलं नाही. सुमन दारात उभी होती. आक्का तिच्याकडे वळली.

"आसू दे गं हितं. मी आले की उचलते."

सुमननं नुसती मान हलवली. तांब्याखाली ओट्यावर पाण्याचं गोल ओलं उमटलं होतं. आक्का ते न पुसता बाहेर आली आणि जीपमध्ये जाऊन बसली.